गोव्यात मध्ययुगीन लढाईच्या ग्रुपमध्ये यायचंय? मग आधी हे वाचा

दरवर्षी शिगमोची, म्हणजे गोव्यातल्या शिमग्याची, मिरवणूक झाली की आठ-दहा जण तरी विचारतात, दादा मला पण यायचंय, तलवार कुठे मिळेल. पहिला प्रश्न तलवारीचाच. आणि मी दरवेळी तेच सांगतो की तलवार सगळ्यात शेवटी, आधी तीन रविवार रिकाम्या हाताने या, मैदानाच्या कडेला बसा, बघा, पाणी भरायला मदत करा, चौथ्या रविवारी पण यावंसं वाटलं तर मग बोलू. हे ऐकून निम्मे जण येतच नाहीत, ठीक आहे. पण जे येतात त्यांना दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. आमच्याकडे या किंवा दुसऱ्या कुठल्या ग्रुपमध्ये जा, नाहीतर आपापल्या गावात चार मित्र मिळून सुरू करा, यातलं बहुतेक सगळीकडे लागू पडेल.

आधी हे नेमकं काय असतं ते. मिरवणुकीत लोक बघतात ते ठरवून बसवलेलं असतं, कोण कुठून वार करणार, कोण पडणार सगळं ठरलेलं. रविवारी मैदानावर चालतं ते वेगळं, तिथे समोरचा तुम्हाला खरंच मारायला येतो आणि तुम्ही त्याला, फक्त हत्यार आणि अंगावरचं सामान असं असतं की संध्याकाळी दोघं एकत्र चहा प्यायला जाऊ शकतात. जगात याचे दोन-तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि कुठेही जायच्या आधी हा ग्रुप कुठल्या प्रकारचा ते विचारून घ्या, कारण नियम, सामान, खर्च सगळं त्यावर ठरतं. एक प्रकार वेताच्या तलवारींचा, तो अमेरिकेतला, १९६६ साली बर्कलीत एका घराच्या मागच्या अंगणातल्या पार्टीतून सुरू झाला, सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम म्हणून त्यांची संस्था आहे. दुसरा बोथट पोलादाचा, त्याला बुहुर्ट म्हणतात, त्याची पहिली बॅटल ऑफ द नेशन्स २०१० ला युक्रेनमधल्या खोतिन किल्ल्यात झाली. त्यात गुण मोजत नाहीत, दोन पायांशिवाय अंगाचा कुठलाही तिसरा भाग जमिनीला लागला की तो गडी बाद, म्हणून त्यात तलवारीइतकीच कुस्ती पण असते. तिसरा हेमा, म्हणजे युरोपातल्या जुन्या तलवारबाजीच्या हस्तलिखितांवरून डाव परत उभे करायचे आणि मास्क-जॅकेट घालून खेळायचे.

आणि आपला मर्दानी खेळ आहेच, दांडपट्टा, विटा, फरी-गदका, कोल्हापूरकडे अजून तालमी चालू आहेत आणि गोव्यात पण काही मुलं तिकडून शिकून आलीत. मर्दानी खेळातून आलेल्या मुलांचे पाय पहिल्या दिवसापासून सुंदर पडतात, हे मी मनापासून सांगतो, पण बहुतेकांनी प्रात्यक्षिकंच केलेली असतात त्यामुळे समोरून खरा वार आला की काय करायचं हे त्यांना पण शून्यापासून शिकावं लागतं.

आम्ही पूर्ण जोराच्या झुंजीसाठी वेत वापरतो, पोलाद फक्त सावकाश बसवलेल्या प्रसंगांना. वेतच का, बांबू का नाही, हे सगळे विचारतात कारण बांबू परसात फुकट मिळतो. बांबू आतून पोकळ, तो उभा चिरतो आणि त्याच्या चिरफळ्या सुरीसारख्या असतात. सुरुवातीला आम्हाला कोणी सांगणारं नव्हतं, आम्ही बांबूनेच खेळायचो आणि एकदा माझ्या समोरच्याची काठी माझ्या ढालीवर फुटली आणि तिची चिरफळी माझ्या मनगटाजवळ दोन इंच आत गेली, टाके पडले, आणि ती डोळ्यात गेली असती तर हे लिहायला मी बसलो नसतो. वेत भरीव असतो, तो तुटत नाही, मार खाऊन खाऊन पिंजत जातो, मऊ पडतो, मग आपण बदलतो. अमेरिकेतल्या त्या नियमात वेत कमीत कमी सव्वा इंच जाड लागतो, आम्ही पण तेच धरलंय. आपल्याकडच्या रानातला बारीक वेत चालत नाही, जाड वेत फर्निचरवाल्यांकडे विचारा. एक गाठी-वाकड नसलेला सरळ तुकडा बघून घ्या, वर टेप गुंडाळा, धारेची बाजू दिसेल अशी वेगळ्या रंगाची पट्टी मारा म्हणजे चपट्या बाजूने लागलेला वार कळतो.

काळ कुठला धरायचा यावर आमच्याकडे दोन पावसाळे वाद चालला होता. युरोपवाले मध्ययुग १५०० च्या आसपास संपवतात, आपल्या शाळेच्या पुस्तकात मध्ययुग म्हणजे सुलतान, विजयनगर, आदिलशाही, शिवाजी महाराज सगळं येतं. शेवटी आम्ही गोव्याचं म्हणून १५१० ते १६८३ असं ठरवलं. १५१० ला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला, तोही एका फटक्यात नाही, आधी घेतला, मग पावसाळ्याच्या तोंडाला सोडून पळावं लागलं आणि २५ नोव्हेंबरला परत घेतला. आणि १६८३ च्या नोव्हेंबरमध्ये संभाजी महाराजांनी फोंड्याला पडलेला पोर्तुगीजांचा वेढा मोडून काढला आणि मांडवीतल्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला. या पावणेदोनशे वर्षांत आपल्या मातीवर आदिलशाही शिपाई, पोर्तुगीज सोल्दाद, मराठे, आपले देसाई-राणे, सगळे लढलेत, त्यामुळे कपड्यांना, हत्यारांना, ढालींना केवढी विविधता मिळते बघा. आणि मराठ्यांच्या कमरेला युरोपातल्या पात्याची फिरंगी असायची, म्हणजे पातं तिकडचं, मूठ इकडची. गोव्यात बसून ती तलवार हातात घेतली की मला अजून अंगावर काटा येतो.

आता ग्रुप कसा ओळखायचा. नाव मोठं आहे, फोटो भारी आहेत, यावर जाऊ नका. मैदानाच्या कडेला बसून तीनच गोष्टी बघा. एक, कोणी थांबायला ओरडलं की सगळे जागच्या जागी थांबतात का, म्हणजे हात वर असेल तर वरच राहतो का. दोन, झुंजीच्या आधी कोणीतरी प्रत्येकाचं टोप, पट्टे, हातमोजे हाताने ओढून तपासतं का, रोज, जुन्या माणसाचं पण. तीन, वार लागला की "लागला" असं कोण म्हणतं, मारणारा की खाणारा. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, त्यावर खाली सविस्तर लिहितो. या तीनपैकी एक जरी नसेल तर चहा पिऊन घरी जा, त्या ग्रुपात कितीही चांगली माणसं असोत. आणि फर्स्ट एडची पेटी कुठे आहे विचारा, कोणाला उत्तर देता आलं नाही तरी घरी जा.

थांबायला आम्ही "राव!" ओरडतो. कोंकणीत राव म्हणजे थांब, दोन अक्षरी दणका आहे, टोपाच्या आत पण ऐकू जातो आणि गोव्यात हिंदू, क्रिस्तांव, मुसलमान सगळ्यांना कळतो. मराठी बोलणाऱ्यांची मात्र पंचाईत होते कारण आपण वाक्यागणिक काय राव, चल राव करतो, त्यामुळे मैदानाभोवतीच्या दोरीच्या आत असं बोलायला बंदीच आहे. कोणीही ओरडू शकतो, पहिल्या दिवशी आलेला बघणारा सुद्धा. कोणाचा पट्टा सुटला, कुत्रं आत आलं, एखादं लहान मूल दोरीखालून आत शिरलं, ओरडायचं. उगाच ओरडलं म्हणून कोणी कधी रागावत नाही.

पहिले तीन-चार महिने तुम्ही कोणाशी लढणार नाही. हे आधीच सांगतो म्हणजे मग तोंड पडायला नको. पाय, अंतर आणि खांब, एवढंच. रोमन लष्करात नव्या शिपायाला जमिनीत पुरलेल्या खांबावर दुप्पट वजनाच्या हत्यारांनी सराव करायला लावायचे असं वेगेतियस नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, म्हणजे ही गोष्ट नवी नाही. आम्ही वादळात पडलेल्या माडाचा सहा फुटी तुकडा पुरलाय आणि त्याला जुने टायर बांधलेत. उभा माड वापरू नका, झाडाला इजा होते आणि वरून नारळ पडला तर टोप पण वाचवणार नाही. रोज दोनशे वार, शंभर उजव्याने, शंभर डाव्याने, घरी करायचे. कंबर फिरत नसेल आणि नुसता दंड चालत असेल तर तिसऱ्या दिवशी खांदा सांगतो.

त्याच्याबरोबर थांबवायचा सराव. दोरीला नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, टांगायचं आणि पूर्ण जोराने वार आणून सोडणाच्या चार बोटं आधी तलवार जागीच थांबवायची, सोडण हलता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. वीस पैकी वीस वेळा जमलं, तेही दम लागलेला असताना, म्हणजे मैदानाला चार फेऱ्या मारून आल्यावर लगेच, तर पंच म्हणतात आता याला माणसासमोर उभा करा. जोर सगळ्यांकडे असतो. जिमवाली मुलं येतात त्यांच्याकडे तर भरपूर असतो आणि तीच मुलं या परीक्षेत सगळ्यात जास्त वेळ अडकतात, कारण त्यांना वार सोडायची सवय असते, परत मागे घ्यायची नसते. एका मुलीला हे सहा आठवड्यांत जमलं, तिच्याबरोबर आलेल्या तिच्या भावाला आठ महिने लागले. त्याने पण सोडलं नाही, आज तो आमच्यातला सगळ्यात विश्वासाचा गडी आहे, त्याच्यासमोर मी डोळे मिटून उभा राहीन.

आता ते तिसरं. वेताच्या खेळात वार लागला की नाही हे खाणारा ठरवतो. पंच असतात, पण ते सुरक्षिततेसाठी, गुण द्यायला नाहीत. हा पण अमेरिकेतल्या संस्थेचाच नियम, आम्ही जसाच्या तसा घेतला. डोक्यावर किंवा धडावर धारेचा नीट जोराचा वार बसला तर तुम्ही स्वतः म्हणायचं "लागला" आणि खाली बसायचं. हातावर बसला तर तो हात पाठीमागे. मांडीवर बसला तर गुडघ्यावर येऊन लढायचं. गुडघ्यापासून खाली आणि मनगटापासून पुढे मारायचंच नाही. निसटता लागला, चपटा लागला, ढालीला घासून आला, तर "हलका" म्हणायचं आणि खेळ पुढे. आता विचार करा, तुमच्या गावची शंभर माणसं बघतायत, मामाची पोरं बघतायत, समोरचा तुमच्यापेक्षा वर्षाने नवीन, आणि त्याचा वार तुमच्या टोपावर असा बसलाय की आवाज फक्त तुम्हालाच आला. पंचाला दिसलं नाही, त्या मुलाला पण खात्री नाही. अशा वेळी जो खाली बसतो तो आमच्यात राहतो.

मी नवीन असताना असा एक वार गिळला होता, म्हणजे लागला होता आणि मी बोललो नाही, झुंज जिंकलो. कोणी काही म्हटलं नाही, पण पुढचे दोन महिने माझ्यासमोर जो येईल तो थोडा जास्त जोराने मारायला लागला, कारण त्यांना वाटलं याला हलकं लागलेलं कळत नाही. हेच होतं. एक माणूस वार गिळायला लागला की समोरचे जोर वाढवतात, मग सगळ्यांचाच जोर वाढतो आणि सहा महिन्यांत कोणाचं तरी हाड मोडतं. म्हणून वार गिळण्याला आम्ही सामानाच्या चुकीइतकंच गंभीर धरतो, पहिल्यांदा आमच्यातले ज्येष्ठ काका बाजूला नेऊन बोलतात, दुसऱ्यांदा झुंजायचा पास काढून घेतात आणि परत खांबाकडे पाठवतात. ज्याचा वार मी गिळला होता त्या मुलाकडे मी नंतर जाऊन सांगितलं की तुझा वार लागला होता. उशिरा सांगितलं तरी चालतं पण सांगा.

सामानाकडे येतो. पहिल्या सहा महिन्यांत फक्त तीन गोष्टींवर पैसे घाला, टोप, हातमोजे आणि आतली बंडी. बाकी ग्रुपकडे मागून घ्या. आणि टोपावर काटकसर करायची नाही.

टोप सोळा गेजचा पत्रा कमीत कमी, म्हणजे दीड मिलीच्या आसपास, माथ्याला आम्ही चौदा गेज सांगतो. तोंडावर जाळी हवीच, सळी पावणेपाच-पाच मिलीची, आणि दोन सळ्यांमधून एक इंच जाडीचा दांडका आत जाता कामा नये, पंच खरंच दांडका घालून बघतात. आत कमीत कमी अर्धा इंच फोम. हनुवटीचा पट्टा, तोही असा की टोप मागून पुढे ओढला तरी निघत नाही. टोपाची कड थेट डोक्याला किंवा मानेला कुठेच टेकता कामा नये. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणार असाल तर जोड आतून-बाहेरून दोन्हीकडून भरायला सांगा आणि आतले वेल्डिंगचे दाणे ग्राइंड करून घ्या. आमच्या एका मुलाने ऑनलाइन टोप मागवला, फोटोत अगदी आदिलशाही सरदाराचा वाटत होता, हातात घेऊन अंगठ्याने दाबला तर पत्रा आत गेला, तो भिंतीवर लावायचा होता. त्याचे पैसे गेले पण डोकं राहिलं. आणि एकदा दुसऱ्या ठिकाणी बनवून घेतलेल्या टोपाची जाळी चौथ्या झुंजीत एका बाजूने सुटली, वेल्डिंग नुसतं वरून टाचलेलं होतं, तेव्हापासून नवीन टोप आधी खांबावर ठेवून आम्ही स्वतः त्याच्यावर पन्नास वार घालतो आणि मगच डोक्यावर घालू देतो. तुम्ही पण असंच करा. टोपाचा मालक समोर उभा असतो, त्याचा चेहरा बघवत नाही, तरी करा.

बंडीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण ही गोष्ट आपल्या घरातच आहे. चिलखताच्या आत किंवा चिलखताऐवजी कापडाचे थर शिवून केलेला जाड अंगरखा जगभर वापरायचे. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातला एक हुकूम आहे, पंधराव्या शतकातला, त्यात म्हटलंय की शिपायाचं जाकीट तीस, निदान पंचवीस थरांचं असावं, वरून हरणाचं कातडं असावं, आणि कापड वापरून मऊ झालेलं असावं, तेच सगळ्यात चांगलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजीची गोधडी आठवली. जुनी लुगडी, जुनी धोतरं, धुऊन धुऊन मऊ झालेली, थरावर थर, आणि हाताचा धावदोरा. नवीन कोरं कापड ताठ असतं, मार पुढे ढकलतं, जुनं कापड मार पिऊन टाकतं. माझी बंडी माझ्या आईने आणि मावशीने शिवली, अठरा थर, आतलं एक लुगडं आजीचं आहे. खांद्यावर आणि बरगड्यांवर थर जास्त घ्या, काखेत अजिबात नको नाहीतर हात वर जाणार नाही. पुढून नाड्यांनी बांधायची ठेवा, चेन नको. पॉलिस्टर आत कुठेही नको, गोव्याच्या हवेत माणूस उकडून निघेल.

हातमोजे पण असेच महत्त्वाचे, वेताचा वार बोटावर बसला तर बोट मोडतं, इतकं साधं आहे. हॉकीचे जाड हातमोजे सुरुवातीला चालतात, वरून कापड लावून झाका. बाकी भरभर सांगतो: गुडघा आणि कोपर यांना कडक वाटी आणि आत फोम, गळ्याला चामड्याची पट्टी जी मानेच्या मागून पण फिरते, कमरेच्या मागे मूत्रपिंड झाकेल असा रुंद पट्टा, मुलांनी क्रिकेटचा गार्ड, आणि दातांना माउथगार्ड. चष्मेवाल्यांनी टोपाच्या आत काच घालू नये, लेन्स लावा किंवा प्लास्टिक भिंगांचा स्पोर्टचा चष्मा.

मग गोव्याची हवा. युरोपवाल्यांच्या व्हिडिओत बघून तुम्ही पोलादाचं सगळं अंगावर चढवाल, पण तिथली हवा इथल्यापेक्षा थंड असते. इकडे मे महिन्यात बंडी आणि टोप घालून दहा मिनिटं उभं राहा, डोळ्यांपुढे अंधारी येते. आम्ही सकाळी साडेसहाला सुरू करतो, नऊला बंद, एप्रिल-मेमध्ये पूर्ण सामानाची झुंज बंदच, तेव्हा फक्त पाय आणि खांब. एक झुंज तीन मिनिटांची, मग टोप काढायचाच, काढला नाही तर पंच काढतात. येण्याआधी पेज पिऊन या, उपाशी नको आणि भाजीपाव हाणून पण नको. मध्ये पाण्यात मीठ-साखर नाहीतर सोलांचं सरबत. कोणाला घाम यायचा थांबला, बोलणं अडखळायला लागलं, उगाच चिडचिड करायला लागला, तर लगेच सावलीत, सगळं सामान उतरवून, मान आणि काखेत ओलं कापड, आणि शुद्ध हरपत असेल तर १०८ लावा, वाट बघू नका. हे ज्याला होतं त्याला स्वतःला कळत नाही, बाजूच्याने बघायचं.

गंज. समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, पोलादाचा जीव घेते. घरी आल्यावर टोप सुक्या फडक्याने पुसा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल तेल लावू नका, ते चिकट होतं, खवट वास येतो आणि त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात टोप पिशवीत बंद करून कपाटात ठेवला तर गणपतीच्या चवथीला बाहेर काढाल तेव्हा लाल झालेला असेल, उघडा ठेवा, आठवड्याला बघा. कड्यांचं चिलखत असेल तर जुनी युक्ती चालते, युरोपात ते पिंपात वाळूबरोबर घालून लोळवायचे, आम्ही झाकणाच्या बॅरलमध्ये सुकी वाळू घालून मैदानावरून ढकलतो, लहान मुलं ते काम आनंदाने करतात. चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी येते, पुसून ऊन दाखवा.

पोशाखाचा नियम दहा पावलांचा. दहा पावलांवरून बघणाऱ्याला आजचं काही दिसता कामा नये. घड्याळ, मोबाईल, स्पोर्ट शूज, चकचकीत जरीचं पॉलिस्टर, प्लास्टिकची बाटली, सगळं तंबूत. बघायचं कुठून, तर सिनेमा-सिरियलवरून नको. जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये व्हाइसरॉयांची चित्रं आहेत, ती मालिका १५४७ ला सुरू झाली, पोर्तुगीज करायचा असेल तर तिथे अर्धा दिवस घालवा. तिथेच कदंबांच्या काळातले वीरगळ आहेत, ते आपल्या काळाच्या आधीचे पण ढाल कशी धरायची, पाय कसे टाकायचे ते दगडात दिसतं. आणि लिन्शोतेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात राहिला, त्याच्या प्रवासवर्णनातल्या चित्रांत गोव्याचे लोक, पालख्या, छत्र्या, बाजार सगळं आहे. एक बारीक गोष्ट, १५१० चा तंबू लावत असाल तर जेवणात मिरची नको, काजू नको, टोमॅटो-बटाटा नको, ते सगळं नंतर अमेरिकेतून आलं, तिखटाला मिरी घाला. १६८३ च्या प्रसंगाला मिरची चालते.

आणि कोण कुठल्या बाजूने. नवीन आलेल्या प्रत्येकाला मावळाच व्हायचं असतं, साहजिक आहे, मला पण तेच हवं होतं. पण समोर कोणीतरी लागतंच, म्हणून आमच्याकडे पाळी आहे, या वर्षी मराठा झालात तर पुढच्या वर्षी पोर्तुगीज किंवा आदिलशाही. ज्याला हे मान्य नाही त्याला आम्ही घेत नाही. इतिहास पण इतका सरळ नाहीये, १५१० ला आल्बुकर्कला गोव्यावर चालून जा म्हणून उठवणारा किनाऱ्यावरचा आरमारी सरदार तिमय्या हिंदू होता, तेव्हा कोण कोणाच्या बाजूने होतं हे आजच्या रागाने बघून कळत नाही. मैदानावर कोणाच्या देवाबद्दल, धर्माबद्दल, कोणाच्या आडनावाबद्दल एक शब्द नाही. आमच्यात फेर्नांडिस पण आहेत आणि गावस पण, आणि ते एकमेकांच्या टोपाचे पट्टे बांधतात.

मुलींना घेता का असं विचारतात. घेतो, नियम एकच, परीक्षा एकच, वेत तोच. युरोपातलं सगळ्यात जुनं तलवारबाजीचं हस्तलिखित, १३०० च्या आसपासचं, जे आता लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे, त्याच्या शेवटच्या पानांवर वाल्पुर्गिस नावाची बाई ढाल-तलवार घेऊन लढतेय, त्यामुळे हे नवीन फॅड वगैरे नाही. बंडी मात्र अंगावर मापाने शिवा, दादाची मोठी बंडी घालून येऊ नका, फिरते आणि नको तिथे जागा उघडी पडते. अठरा वर्षांखालच्यांना वेताची झुंज नाही, फोमच्या काठ्या, आणि आई-वडिलांपैकी एकाने मैदानावर येऊन बघितल्याशिवाय ते पण नाही. सही चालत नाही, प्रत्यक्ष या. बहुतेक आया सुरुवातीला घाबरतात, पण टोप हातात घेऊन वजन बघतात, सोडणाची परीक्षा बघतात आणि मग पुढच्या रविवारी उंडे, म्हणजे गोव्याचे पाव, घेऊन येतात.

कायद्याचं हलक्यात घेऊ नका. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये लाठी, साधी काठी वगळलेली आहे, पण नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या तलवारी-भाले हत्यारांत मोडतात. पोलादाची काहीही वस्तू घ्यायच्या आधी आपल्या पोलीस स्टेशनला जाऊन विचारा, कार्यक्रम असेल तर लेखी कळवा, त्याची पोच घ्या आणि ती जवळ बाळगा. वेताच्या तलवारी पण उघड्या घेऊन कदंबच्या बसमध्ये चढू नका, पिशवीत घाला, लोक घाबरतात आणि त्यांचं बरोबर आहे. किल्ल्यावर जाऊन शूट करायचा मोह होतो, पण संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि परवानगी असली तरी जुन्या भिंतीला टेकून ढाली ठेवायच्या नाहीत, दगड झिजतो.

पहिल्या रविवारी येताना नखं कापून या, अंगठी-कडं-साखळी घरी ठेवा, पायात घट्ट बसणारे सपाट तळाचे बूट घाला, दोन लिटर पाणी आणि एक जास्तीचा सुती शर्ट आणा. दमा, फिट्स, जुनं डोक्याला लागलेलं असेल तर आल्या आल्या काकांना बाजूला घेऊन सांगा, कोणासमोर नाही सांगितलं तरी चालेल. बाइक रस्त्याकडेला लावा, मैदानाच्या मागच्या वाटेने या कारण पुढे दोरी बांधलेली असते, आणि दोरीच्या आत झुंज चालू असेल तर कोणी राव म्हणेपर्यंत बाहेरच थांबा.